देहाची लय आणि गीताचा शोध : एक चिकित्सा

गीताचे शब्द विस्मृतीत गेले आहेत, गाणाऱ्याचे नाव ठाऊक नाही, रागाची ओळखही पटत नाही. परंतु हात मात्र मांडीवर ठेका धरून आहे, हा अनुभव सर्वपरिचित आहे. स्मृतीचा जो अंश वाणीच्या हाती लागत नाही, तो कित्येकदा देहाने जपून ठेवलेला असतो. अशा वेळी त्या हाताच्याच साहाय्याने हरवलेले गीत शोधता येईल काय, हा प्रश्न आता केवळ कल्पनेचा राहिलेला नाही. गेल्या काही दशकांत संगीतसंग्रहांच्या शोधपद्धतीत जे बदल घडले, त्यांचा ओघ याच दिशेने आहे. या प्रयत्नांमागे लयीविषयी एक विशिष्ट कल्पना गृहीत धरलेली असते. ती कितपत ग्राह्य आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

या शोधपद्धतीचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे अवश्य आहे. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ मध्ये पाश्चात्त्य सुरावटींचा एक कोश प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक स्वर मागील स्वराच्या वर गेला, खाली आला की तेथेच राहिला, एवढीच नोंद होती. स्वरांची नावे ठाऊक नसलेल्या मनुष्यालाही सुरावटीच्या चढउतारावरून रचना सापडावी, अशी ती योजना होती. पुढे १९९५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी गुणगुणण्यावरून गीत शोधण्याची रीत मांडली, आणि २००१ मध्ये तैवानमधील संशोधकांनी स्वर सर्वस्वी वगळून केवळ बोटाने दिलेल्या ठोक्यांवरून गीत ओळखण्याचा प्रयोग केला. या प्रयोगात लागोपाठच्या दोन ठोक्यांमधील अंतरांची परस्परांशी तुलना केली जाते. मनुष्याने ठेका सावकाश धरला की जलद, याला तेथे महत्त्व नाही. लांब आणि आखूड अंतरांचा क्रम जुळला पाहिजे, एवढीच अट आहे.

यानंतर शोधाचे साधन बोटाकडून पावलाकडे सरकले. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००६ मध्ये चालणाऱ्याच्या पावलांचा वेग मोजून त्याच्याशी जुळणारे संगीत निवडणारे यंत्र सादर केले. बेल्जियममधील गेंट विद्यापीठात २०१० मध्ये धावणाऱ्यांसाठी तशाच प्रकारची योजना तयार झाली. स्पॉटिफाय या संगीतसेवेने २०१५ मध्ये धावपटूंकरिता अशी सोय सर्वसामान्य श्रोत्यांसाठी खुली केली आणि २०१८ मध्ये ती बंद केली. या सर्व योजनांची मूलभूत रीत एकच आहे. देहाला बांधलेला किंवा खिशात ठेवलेला त्वरणमापक दर मिनिटास पडणारी पावले मोजतो, संग्रहातील प्रत्येक गीताच्या नोंदीत त्याचे दर मिनिटाचे ठोके लिहिलेले असतात, आणि हे दोन आकडे जुळले म्हणजे गीत सापडले असे मानले जाते.

बोटाकडून पावलाकडे झालेला हा प्रवास वरवर पाहता प्रगतीचा वाटतो, कारण बोटाच्या जागी अखिल देह आला. वस्तुतः या प्रवासात एक महत्त्वाची गोष्ट गळून पडली. बोटाच्या शोधात ठोक्यांचा क्रम होता. पावलाच्या शोधात केवळ त्यांची संख्या उरली.

या ठिकाणी परिभाषेचा खुलासा केला पाहिजे. संगीतशास्त्रात ‘लय’ हा शब्द विलंबित, मध्य, द्रुत या अर्थाने गतीचा वाचक आहे. साहित्यविचारात तोच शब्द आवर्तन, आघात आणि विराम यांच्या समग्र रचनेस लावला जातो. प्रस्तुत लेखात दर मिनिटाच्या ठोक्यांस ‘गती’ म्हटले असून ‘लय’ हा शब्द दुसऱ्या, व्यापक अर्थाने योजिला आहे. गती हे लयीचे एक अंग होय. त्या अंगालाच लय समजणे, हा येथे चर्चिलेल्या योजनांचा मूळ दोष आहे.

२

गतीच्या पक्षाची बाजू दुर्बळ आहे असे मात्र नव्हे. मनुष्याच्या स्वाभाविक चालीत दर सेकंदास सुमारे दोन पावले पडतात, म्हणजेच मिनिटास सुमारे १२०. संगीतातील ठोका जाणण्याची क्षमताही याच गतीच्या आसपास अधिक तीव्र असते, असे व्हॅन नूर्डेन आणि मूलांट्स यांनी १९९९ मध्ये प्रतिपादिले. गेंट येथील २००७ च्या अभ्यासातही संगीताच्या ठोक्याबरोबर पाऊल टाकण्याचे काम याच टापूत अधिक नेमके साधते, असे आढळले. देह आणि संगीत यांचा गतीच्या द्वारा काही निसर्गसिद्ध संबंध आहे, एवढे यावरून निःसंशय मानता येते.

परंतु त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दृष्टोत्पत्तीस आली. एकाच गतीचे संगीत आणि तालमापकाचे कोरडे ठोके यांवर लोकांना चालावयास सांगितले, तेव्हा संगीतावर ते अधिक वेगाने चालले. पावलांची संख्या तीच होती; पाऊल लांब पडत होते. मार्क लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हाच प्रश्न अधिक काटेकोरपणे तपासला. त्यांनी ५२ रचना निवडल्या. सर्वांची गती मिनिटास १३० ठोके, आणि सर्वांचे आवर्तन चार ठोक्यांचे. अठरा जणांना या रचनांवर चालावयास लावले असता, काही रचनांनी पाऊल लांबले आणि काहींनी ते आखडले. शोधयंत्राच्या दृष्टीने या बावन्नही रचना एकच ठरल्या असत्या. चालणाऱ्यांच्या देहाने मात्र त्यांत भेद केला. ज्या देहाच्या नावाने हा शोध चालला आहे, त्या देहालाच हा आकडा अपुरा वाटतो, असा याचा अर्थ होतो.

याहून मूलगामी प्रमाण फिलिप्स-सिल्वर आणि ट्रेनर यांच्या २००५ च्या प्रयोगात सापडते. सात महिन्यांच्या बालकांना सहा ठोक्यांचा एक निराघात ठेका दोन मिनिटे ऐकविण्यात आला. कोणत्याही ठोक्यावर जोर नव्हता. काही बालकांना दर दुसऱ्या ठोक्यास झुलविले गेले, काहींना दर तिसऱ्या. नंतर त्याच ठेक्याची दोन साघात रूपे त्यांना ऐकविली, तेव्हा ज्याला जसे झुलविले होते तसेच रूप ते बालक अधिक वेळ ऐकत राहिले. डोळे बांधले असतानाही हा परिणाम टिकला. दुसऱ्या कोणाला झुलताना नुसते पाहिल्याने तो साधला नाही. कानावर पडलेला ध्वनी दोन्ही गटांना एकच होता. त्याची दोनदोनांत किंवा तीनतीनांत विभागणी देहाने केली. गती बदलली नसताना लय बदलली, आणि ती बदलण्याचे कार्य देहाने केले.

३

लय ही घड्याळात सापडेल, हा भ्रम भाषाशास्त्राला अपरिचित नाही. केनेथ पाइक यांनी १९४५ मध्ये भाषांच्या लयीचे दोन वर्ग सुचविले होते. काही भाषांत आघातांमधील काळ समान असतो आणि काहींत अक्षरांचा काळ समान असतो, असे ते वर्गीकरण होते. डेव्हिड अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी १९६७ मध्ये त्याला सर्व भाषांना लागू होणाऱ्या तत्त्वाचे रूप दिले. इंग्रजी, रशियन आणि अरबी या पहिल्या वर्गात. फ्रेंच, तेलुगू आणि योरुबा या दुसऱ्या. हे वर्गीकरण कानाला इतके पटणारे होते की ते दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत निर्वेधपणे नांदले.

पीटर रोच यांनी १९८२ मध्ये याच सहा भाषांतील बोलण्याची मोजदाद केली. इंग्रजीच्या आघातांमधील काळ फ्रेंच किंवा तेलुगूपेक्षा अधिक समान आहे, असे काही तीतून निष्पन्न झाले नाही. कानाला जाणवणारा भेद मात्र खराच होता. त्याचे कारण रेबेका डॉअर यांनी १९८३ मध्ये अन्यत्र दाखविले. अक्षरांची घडण किती गुंतागुंतीची आहे, निराघात स्वर किती क्षीण होतात, आघाताचे भाषेत काय कार्य आहे, यांच्या समवायातून तो भेद निर्माण होतो. रामूस, नेस्पोर आणि मेलर यांनी १९९९ मध्ये स्वरांनी व्यापलेल्या काळाचे प्रमाण आणि व्यंजनखंडांच्या लांबीतील चढउतार मोजून ही दिशा अधिक पक्की केली.

समान कालांतर शोधणाऱ्यांना लय सापडली नाही. घटकांची रचना पाहणाऱ्यांना ती सापडू लागली, हे या वादाचे फलित होय. दोन भाषा मिनिटास सारख्याच अक्षरांनी बोलल्या जात असल्या तरी त्यांची लय एक आहे असे आज कोणताही भाषाभ्यासक म्हणणार नाही. संगीतशोधाच्या क्षेत्रात मात्र नेमके हेच विधान व्यवहाराचे सूत्र होऊन बसले आहे.

४

भारतीय परंपरेचा विचार या प्रश्नाला अधिक जवळचा आहे, कारण तीत ताल मुळातच देहाच्या क्रियेवर उभा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त तालाच्या क्रिया सशब्द आणि निःशब्द अशा दोन प्रकारच्या मानल्या आहेत. हाताची टाळी ही जशी क्रिया, तसा हात उचलणे किंवा बाजूस नेणे हीही क्रियाच. लयीची व्याख्याही क्रियेच्या संदर्भात केली आहे. क्रियेनंतर येणारी विश्रांती म्हणजे लय. त्यापुढे ‘यति’ या संज्ञेखाली लयीच्या प्रवृत्तीचा, म्हणजे ती सम राहते, वाढत जाते की आटत जाते याचा, स्वतंत्र विचार आहे. ज्या निःशब्द क्रियेला या शास्त्राने नाव दिले, तिची नोंद पावले मोजणारे यंत्र करूच शकत नाही, कारण त्याच्या लेखी आघात नाही तेथे घटनाही नाही.

प्रचलित तालांच्या एका उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. झपताल आणि सूलताल हे दोन्ही दहा मात्रांचे. झपतालाचे विभाग दोन-तीन-दोन-तीन असे पडतात, सूलतालाचे दोनदोनांचे पाच. दोन्ही एकाच गतीने वाजत आहेत, आणि चालणारा प्रत्येक मात्रेस एक पाऊल टाकीत आहे, असे मानावे. पहिली मात्रा डाव्या पावलावर आली, तर विषम मात्रा डाव्या आणि सम मात्रा उजव्या पावलावर येतील. सूलतालाचे विभाग १, ३, ५, ७ आणि ९ या मात्रांवर सुरू होतात. म्हणजे प्रत्येक विभागाचा आरंभ डाव्याच पावलावर होतो. झपतालाचे विभाग १, ३, ६ आणि ८ या मात्रांवर सुरू होतात. म्हणजे पूर्वार्धाचे दोन्ही आरंभ डाव्या पावलावर आणि उत्तरार्धाचे दोन्ही उजव्या पावलावर येतात. झपतालाची खाली सहाव्या मात्रेवर आहे. चालणाऱ्याच्या देहाचा भार दुसऱ्या अंगावर जातो तेथेच ताल भरीकडून खालीकडे वळतो. सात मात्रांच्या रूपकात तर सम स्वतःच एका आवर्तनात डाव्या आणि पुढच्या आवर्तनात उजव्या पावलावर येते.

देहाला दोन बाजू आहेत आणि त्या बाजूंशी तालाच्या विभागांचा विशिष्ट मेळ पडतो, हे यावरून दिसून येईल. डावे आणि उजवे पाऊल वेगळे ओळखणारे आणि कोणत्या पावलावर अधिक भार आहे हे टिपणारे साधन झपताल आणि सूलताल यांत भेद करू शकेल. केवळ पावले मोजणाऱ्या साधनाला हे दोन ताल सदैव एकच राहतील.

५

गतीचा आकडा शोधाला किती अपुरा आहे, हे साध्या हिशेबानेही दाखविता येते. मिनिटास ८० ठोक्यांचे गीत १६० पावलांशीही जुळते, कारण प्रत्येक ठोक्यास दोन पावले पडतात. म्हणून दुप्पट आणि निमपट गती या योजनांत बहुधा एकच धरावी लागते. असे केल्यावर ६० पासून ११९ पर्यंतचे साठ पूर्णांक तेवढे उरतात. एक लाख गीतांचा संग्रह या साठ घरांत अगदी समान वाटला, तरी प्रत्येक घरात सोळाशेहून अधिक गीते पडतील. याउलट सोळा अंतरे घेऊन प्रत्येकाची केवळ लांब किंवा आखूड एवढीच नोंद केली, तरी ६५,५३६ भिन्न क्रम संभवतात. प्रत्यक्षातील गीते या सर्व क्रमांचा सारखा उपयोग करणार नाहीत हे खरे. तथापि साठ आणि पासष्ट हजार यांतील अंतर त्यामुळे भरून निघत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, धावणाऱ्या मनुष्याला विशिष्ट गीत शोधावयाचे नसते. त्याला पावलांना साथ देणारे कोणतेही गीत चालते, आणि त्यासाठी गतीचा आकडा पुरेसा आहे. हा आक्षेप मान्य करण्याजोगा आहे. किंबहुना त्यातूनच या योजनांचे खरे स्वरूप उघड होते. गेंटच्या योजनेत गीत निवडल्यानंतर पावलांशी तंतोतंत जुळावे म्हणून त्याची गती कमीअधिक केली जात असे. स्पॉटिफायच्या सेवेतही धावपटूच्या वेगाप्रमाणे आपली गती बदलू शकतील अशा रचना मुद्दाम करून घेतल्या होत्या. जे गीत कोणत्याही गतीला नेऊन बसविता येते, त्या गीताची ओळख त्याच्या गतीत कशी असणार? साथ करणे आणि शोधणे या दोन भिन्न क्रिया आहेत. साथीला मेळ पुरतो. शोधाला भेद लागतो. गतीचा आकडा मेळ घालून देतो, भेद दाखवीत नाही.

६

ही चर्चा मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने केवळ तात्त्विक नाही. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या ओव्यांचा लाखाहून अधिक संख्येचा संग्रह उभा राहिला, आणि २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने त्यांतील ओव्या, त्यांचे ध्वनिमुद्रण आणि भाषांतर प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. संग्रहाचे वर्गीकरण विषयानुसार आहे, आणि शब्दार्थाच्या अभ्यासाला ते उपयुक्तच आहे. परंतु ओवी ही ज्या श्रमाबरोबर जन्मली, त्या श्रमाच्या हालचालीवरून तिच्यापर्यंत जाता येईल काय, हा प्रश्न कोणी घेतला तर प्रचलित साधने त्याला काय उत्तर देतील?

येथे हालचालीच्या प्रकाराचा भेद ध्यानात घेतला पाहिजे. चालणे, धावणे, मुसळाने कांडणे या क्रियांत आघाताचा एक निश्चित क्षण असतो. पाऊल जमिनीला लागते, मुसळ उखळात पडते. जात्याची गोष्ट निराळी आहे. खुंटा हातात धरून केलेले भ्रमण अखंड असते. त्यात ओढण्याचा आणि ढकलण्याचा असे दोन टप्पे असतात, पण एक टप्पा कोठे संपून दुसरा कोठे सुरू झाला हे दाखविणारा ठोका नसतो. दोघी समोरासमोर बसून दळीत असतील, तर एकीचे ओढणे हेच दुसरीचे ढकलणे होते. आघात टिपण्यासाठी रचलेले साधन या हालचालीपुढे मुके होते. त्याला फेऱ्यांची संख्या फार तर मिळेल, आणि ती संख्या पुन्हा गतीच होय.

ओवीची छंदोरचनाही आकड्याला दाद देत नाही. माधवराव पटवर्धन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मात्रांवर आधारलेली जाती आणि लघुगुरूंचा भेद बाजूस ठेवून केवळ अक्षरे मोजणारा छंद यांत स्पष्ट भेद केला, आणि जातींची व्यवस्था पद्म, भृंग अशा आवर्तनांच्या आधारे लाविली. ओवी ही अक्षरछंदाच्या कुळातील. आणि लोकगीतातील ओवीत तर अक्षरसंख्याही कायम नसते. गळा कोठे स्वर लांबवितो, कोठे ‘गं’, ‘बाई’ यांसारखे पूरक शब्द घालतो, कोठे चरणार्ध पुन्हा म्हणतो, आणि कमीअधिक अक्षरे चालीच्या एकाच घेरात बसवितो. त्यात भर म्हणजे मराठीच्या उच्चारातील अकाराचा प्रश्न. ‘दळण’ हा शब्द बोलण्यात दोन अक्षरावयवांचा आहे, कारण अन्त्य अकार उच्चारला जात नाही; गाण्यात तोच शब्द तीन अक्षरांची जागा घेऊ शकतो. छापील ओवी वाचून तिची लय ठरविणाऱ्याला आणि बोलण्यातील उच्चारावरून ती ठरविणाऱ्याला भिन्न उत्तरे मिळतील, आणि गाणारीचे उत्तर या दोहोंहून तिसरेच असू शकेल.

म्हणून अशा संग्रहाला देहाच्या लयीचे दार ठेवावयाचे असेल, तर नोंदीचा नमुनाच निराळा हवा. गतीबरोबर आवर्तनाची लांबी, त्याचे विभाग, आघात कोठे येतो, स्वर कोठे लांबविला जातो आणि शब्द कोठे पुन्हा घेतला जातो, यांची नोंद हवी. हालचालीच्या बाजूने ती आघातयुक्त आहे की अखंड, एकांगी आहे की उभयांगी, एकट्याची आहे की जोडीची, हे नमूद झाले पाहिजे. मुख्य म्हणजे गीत आणि हालचाल यांचे मुद्रण एकत्र झाले पाहिजे. विजेच्या गिरण्यांनी घरातील जाते मागे टाकले, त्यामुळे आज ओवी पुष्कळदा जात्यावाचूनच गाइली जाते. अशा मुद्रणात शब्द आणि चाल सुरक्षित राहतात. हाताची फेरी चालीच्या कोणत्या स्थानी पूर्ण होत असे, ही माहिती मात्र त्यात नसते, आणि ती नंतर कोणत्याही गणनविधीने निर्माण करता येणार नाही. जात्यावर बसून ओवी गाइलेल्या स्त्रिया आज वृद्ध आहेत. त्यांच्या हाताला जे ठाऊक आहे ते त्या खुंटा धरून दाखवू शकतात, तोवरच ही नोंद शक्य आहे.

देहाच्या लयीवरून गीत शोधण्याची कल्पना त्याज्य नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्याला, गीताचे नाव न आठवणाऱ्याला संग्रहाचे दार उघडून देणारी ती कल्पना आहे, आणि म्हणूनच ती आकड्याच्या स्वाधीन करून चालणार नाही. पावले किती पडली हे मोजण्याचे काम यंत्राने उत्तम प्रकारे साधले आहे. ती कशी पडली, कोणत्या अंगावर पडली, आणि दोन पावलांमध्ये देहाने काय केले, हे पाहण्याचे काम अद्याप शिल्लक आहे. छंद, ताल आणि भाषेची लय यांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यात हात घातल्यावाचून ते पुरे होणार नाही.